मामाचा निळा झेंडा

बाबांचं पोलाद प्लांटमधलं ठेकेदाराकडचं काम सुटलं आणि रायपूरजवळच्या चरोद्यातल्या आमच्या घरात चूल एकवेळच पेटू लागली. तेव्हा मामा, आईचा धाकटा भाऊ, वेल्डर म्हणून इराकच्या कुर्दी भागात गेला. बॅगेत कपड्यांच्या आधी त्यानं निळा झेंडा ठेवला. जयंतीला माणूस कुठंही असो, झेंडा लागलाच पाहिजे, हा त्याचा हट्ट.

तिथं कामाच्या वाटेवर कुर्द लढवय्यांचे नाके होते. एका गटाचा झेंडा पिवळा, दुसऱ्याचा हिरवा. दोघांनाही कुर्दांचा देश हवा. पण एकाची उठबस तुर्कस्तानशी, दुसऱ्याची इराणशी. मामाच्या पैशांवर मी कॉलेजात राज्यशास्त्र घेतलं होतं, पण हे मला मामाच्या फोननं शिकवलं. "आपल्या वस्तीसारखंच हाय बापा," तो हसायचा. "जयंती एक, मिरवणुका दोन!"

एकदा नाक्यावर त्याच्या बॅगेतून निळा झेंडा निघाला. हा कोणता तिसरा गट, म्हणून बंदूकवाल्यांनी त्याला दिवसभर बसवून ठेवलं. मामानं तोडक्यामोडक्या अरबीत सांगितलं, "ज्यांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्यांचा झेंडा आहे हा." एक म्हातारा लढवय्या उठला. त्यानं झेंड्याची त्रिकोणी घडी घातली, मामाच्या हातात दिली आणि चहा मागवला.

आई फोनवर ओरडली, "तुले मरायचं हाय का? काहून ठेवतं तो झेंडा संग?"

"ताई, मंग घरचं काय राहिलं माझ्याजवळ?" मग मला म्हणाला, "तू शिकून राहिली ना? बस. जयंतीले येतोच मी."

काम आटोपून तो ऑक्टोबरातच निघालाही. पण त्याच सुमारास बगदादचं सरकारी सैन्य कुर्दांवर चालून आलं. एका गटानं न लढताच ठाणी सोडली, दुसऱ्यानं त्याला गद्दार म्हटलं, आणि कालचे सोबती एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. दोन नाक्यांच्या मधे मामाच्या बसवर गोळ्या आल्या. कोणाच्या? पिवळे हिरव्यांचं नाव घेतात, हिरवे पिवळ्यांचं. मी इतकं वाचलं, मला अजून कळलेलं नाही.

रायपूरला मामाची शवपेटी आली. सोबत बॅग. झेंडा तसाच, त्रिकोणी घडीत. आमच्याकडे अशी घडी कोणी घालत नाही. आईनं ती मोडली नाही. त्या जयंतीला आम्ही शेजाऱ्यांचा झेंडा मागून आणला.

उन्हाळ्यात निकाल लागला. मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पहिली.