सोनारी आणि सोमवारी

डोळ्यांच्या एका दवाखान्यात मी नोंदी ठेवते. धाराशिवला नोकरीला लागून मला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि त्यातली शेवटची दोन-तीन तर नुसती ओढत नेली होती. गावोगावच्या शिबिरांतून मोतीबिंदूच्या पेशंटांच्या याद्या यायच्या. एकेका ओळीत नाव, गाव, फोन, शेरा. पर्ल नावाच्या भाषेत लिहिलेला एक प्रोग्राम त्या ओळी वाचायचा आणि ऑपरेशन झालेल्यांपैकी आज कुणाला तपासणीला बोलवायचं, ते गाववार काढून द्यायचा. लिहिणारा माणूस पुण्याला निघून गेला होता, फोन उचलत नव्हता. प्रोग्राम चालत होता, म्हणून त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. मीही नाही.

एका दुपारी जळकोटच्या एक बाई एकट्याच आल्या. ऑपरेशनचा डोळा लालभडक. म्हणाल्या, "शेजारणीला फोन आला, तिची तपासनी झाली. मी म्हनलं, माझा बी येईल. लई दिवस वाट बघितली."

डॉक्टरांनी त्यांना आत घेतलं. मी यादी उघडली. त्यांचं नाव होतं, फोन होता, सगळं होतं. फक्त 'जळ' आणि 'कोट' यांच्यात टाइप करणाऱ्यानं मोकळी जागा सोडली होती. प्रोग्राम 'जळकोट' असा अखंड शब्द शोधायचा. तो न सापडल्यामुळं त्यानं बाईंची ओळ सोडून दिली होती. ना तक्रार, ना सूचना.

म्हणजे अशा आणखी किती सुटल्या असतील?

चष्म्याच्या काउंटरवर एक भाई बसायचे. पन्नाशी ओलांडलेले, मोजकं बोलणारे. मोबाईलवर व्हिडिओ बघून काही ना काही शिकत असायचे, म्हणून त्यांना विचारलं, "भाई, तुम्हाला यातलं काही येतं का?"

"येत न्हाय, ताई. पर दोघं मिळून वाचू की."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत आम्ही प्रोग्रामचे छापलेले कागद घेऊन बसू लागलो. दोघंही कोरे. मी एक पान पुढं गेले की त्यांना सांगायची, ते एक पान पुढं गेले की मला. दोन तिरक्या रेघांच्या मधे जे लिहिलेलं असतं ते शोधायचं, त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात, हे मला सापडलं. मोकळी जागा असली तरी चालेल आणि नसली तरी चालेल, हे सांगायची खूण भाईंना सापडली. चष्म्याच्या चिठ्ठीवरचे अधिक-उणे वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. खुणांना ते बिचकत नव्हते. मी बिचकायची. डोकं दुखायचं, डबा तसाच राहायचा. पण जळकोटचं कोडं सुटलं.

मग सोनारी. लोकांनी ते सोणारी, सोनरी, सोणरी असं वाटेल तसं लिहिलं होतं. भाई म्हणाले, "टिंब म्हंजे कुठलंबी अक्षर, त्याच्यापुढं फुली म्हंजे कितीबी. सो, टिंब, फुली, री. झालं काम." मला पटलं. मी टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनारीची लांबलचक यादी निघाली. आम्हाला वाटलं, सुटलेली सगळी माणसं सापडली. यादी मोठी, म्हणून फोन न करता पेशंट आणायला दवाखान्याची जीपच परंड्याच्या बाजूला, सोनारीला गेली. दुपारी ड्रायव्हर जवळजवळ रिकामी जीप घेऊन आला आणि यादी माझ्या टेबलावर आपटली.

"काळभैरवाच्या देवळापाशी उभा राहून एक-एक नाव पुकारलं, मॅडम. दोघं-तिघं सोडले तर ह्यातलं कुनी सोनारीचं न्हाय! लोक हसायलेत मला."

ओळी तपासल्या तेव्हा कळलं. ज्यांच्या शेऱ्यात 'सोमवारी बोलावणे' असं होतं, ते सगळे सोनारीत जाऊन बसले होते. सोमवारीची सुरुवात सो, शेवट री.

डॉक्टरांनी बोलावून घेतलं. "जे येत नाही त्यात हात कशाला घालता?"

"टिंब माझं होतं, साहेब," भाई म्हणाले.

"टाइप मी केलं," मी म्हणाले.

डॉक्टरांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडं पाहिलं आणि हातानंच 'जा' म्हणून खुणावलं.

आठवडाभर आम्ही त्या कागदांना शिवलो नाही. मग एके दिवशी जेवताना भाईंनीच एक चिठ्ठी पुढं सरकवली. चौकोनी कंसात न आणि ण, म्हणजे दोन्हींपैकी कुठलाही; त्यापुढं काना आणि प्रश्नचिन्ह, म्हणजे काना असो नसो. बाकी काही नाही. या वेळी आधी जुन्या याद्यांवर चालवून पाहिलं, एक-एक ओळ बोट ठेवून वाचली. मग माकणी, मग बाकीची गावं. महिन्याभरानं दोन वर्षांत सुटलेल्यांची यादी आमच्या हातात होती. ती अर्धी-अर्धी वाटून घेऊन आम्ही फोन करायला बसलो.

बरेच जण ठीक होते. काहींनी सोलापूरला दाखवलं होतं. काहींनी शिव्या दिल्या, त्या ऐकून घेतल्या. माकणीच्या एका घरी सुनेनं फोन घेतला.

"आत्या गेल्या की, मागच्या उन्हाळ्यात. डोळ्यातून सारखं पानी यायचं. मी म्हनायचे, चला दवाखान्यात. त्या म्हनायच्या, त्यांचा फोन येईल, मग जाऊ."

मग तिनं विचारलं, "काही काम होतं का?"

"नाही," म्हणाले आणि फोन ठेवला. भाईंनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या पुढ्यातले उरलेले कागद उचलले आणि आपल्या गठ्ठ्यावर ठेवले. त्या दिवशीचे माझे फोन त्यांनीच केले.

डॉक्टरांना सांगितलं, सगळ्यांना फोन झाले. ते म्हणाले, "बरं केलं." जळकोटच्या बाईंचा डोळा वाचला, पण त्यांना धुरकट दिसतं.

नवीन सॉफ्टवेअर येणार असं अजून म्हणतात. याद्या तशाच येतात, दर महिन्याला एखादं गाव नव्या तऱ्हेनं लिहिलेलं सापडतं आणि आम्ही एक खूण वाढवतो. प्रोग्रामनं सोडलेल्या ओळी आता वेगळ्या कागदावर छापून निघतात. तेवढं आम्हाला जमलं. तो कागद मी रोज वाचते. पाठ भरून येते, तरी वाचते.