मला धरून की मला सोडून

लोहा मागे पडले आणि गाडी अहमदपूरच्या दिशेला लागली, तेव्हा शेजारी बसलेल्या नानांनी, माझ्या वडिलांनी, खिशातून घडीचा रुमाल काढला आणि समोरची काच आतून पुसायला सुरुवात केली. काच स्वच्छ होती. बाहेर माघातले कोवळे ऊन, रस्त्याकडेला करडईची पिवळी-केशरी फुले, बांधांवर रचलेले तुरीच्या काड्यांचे ढीग, आणि मागच्या सीटवर थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, मांडीवरच्या परडीतून येणारा शेवंतीचा आणि पेढ्यांचा एकमेकांत मिसळलेला वास. नाना पुसतच राहिले. म्हणाले, "वाफ धरते रे. हीटर पायाशी लाव." मी म्हणालो, "गरज नाही, नाना." आरशात अक्का माझ्याकडे रोखून पाहत होती.

ती वाफ डर्बीची होती. इंग्लंडातल्या त्या मध्यम शहरात माझी उमेदीची बरीच वर्षे गेली, आणि हिवाळ्याच्या सकाळी आमची जुनी लाल गाडी सुरू करणे हा तिथला नित्याचा विधी होता. बाहेरून काचेवरचे हिम निकामी झालेल्या प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडायचे, आतून वाफ पुसायची आणि फक्त पाय तापवणाऱ्या हीटरला नावे ठेवत त्या राखी, अर्धवट उजेडात कामावर निघायचे. दर रविवारी फोनवर मी हे नानांना सांगत असे. कोणत्या वारी कोणत्या रंगाचा कचऱ्याचा डबा दाराबाहेर ठेवायचा, किटलीतले पाणी उकळेपर्यंत शेजारी हवामानाविषयी किती बोलू शकतो, आपला पाय त्यांच्या पायावर पडला तरी 'सॉरी' तेच कसे म्हणतात, आणि यॉर्कला जाणाऱ्या ट्रेनमधून, चेस्टरफील्ड आले की डाव्या हाताला, पिळवटलेल्या दोरासारखा वाकडा कळस असलेले ते चर्च. नानांना ट्रेनचे फार आवडे. सीटच्या डोक्याशी खोचलेली आरक्षणाची चिठ्ठी, पुठ्ठ्याच्या पेल्यातला चहा, जरा उशीर झाला तरी ध्वनिक्षेपकातून मागितलेली क्षमा. हे ते मला पुन्हा पुन्हा विचारत.

नाना स्वतः इंग्लंडला कधीच गेले नाहीत. नांदेडच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवले, एवढेच. त्यांच्या वर्गात मीही बसलो आहे. फळ्यावर 'वुई आर गोइंग टू द स्टेशन' असे सुरेख अक्षरात लिहून ते खडू उंचावत आणि विचारत, "कोणतं वुई? मला धरून की मला सोडून?" मागच्या बाकांवरून जोरात आवाज येई, "सोडून, गुरुजी!" मग नाना हसत. इंग्रजीला एकच 'वुई' आहे, आपल्याकडे दोन आहेत; समोरच्याला धरून बोललो तर 'आपण', सोडून बोललो तर 'आम्ही'; भाषांतर करताना आधी माणसे मोजा, असे ते सांगत.

फोनवर मी नेहमी 'आम्ही' म्हणत असे. आम्ही यॉर्कला गेलो, आम्ही नदीकाठी सँडविच खाल्ले. आम्ही म्हणजे मी आणि माझी पत्नी. व्याकरण बिनचूक होते.

आम्ही नांदेडला परतलो तोवर नानांची स्मृती हळूहळू विरू लागली होती. सकाळचा चहा झाला की नाही, हे त्यांना आठवेनासे झाले, पण यॉर्कची ट्रेन ठळक राहिली आणि एके दिवशी झोपाळ्यावर बसल्या बसल्या ते म्हणाले, "आपण तो वाकडा कळस पाहिला, त्या दिवशी ऊन पडलं होतं ना?" आपण. मी ऐकून घेतले. पुढे ते दूधवाल्याला सांगू लागले, औषधाच्या दुकानात सांगू लागले. मी 'हो'ही म्हटले नाही आणि 'नाही'ही. गप्प राहणे हा माझा जुना स्वभाव आहे, आणि पुष्कळ वेळा लोक त्याला समजूतदारपणा समजतात.

अक्का तसे समजत नाही. मी तिकडे असताना नाना तिच्याच घरी होते. त्यांचे पथ्य, त्यांचे चष्मे, त्यांचे रुसवे तिने सांभाळले. आज लातूरला तिच्या मुलीचा साखरपुडा होता, बाकी मंडळी पुढच्या गाडीने गेली होती, आणि नवऱ्या मुलाचे काका दरवर्षी इंग्लंडला लेकीकडे जाऊन येणारे होते. दोन दिवसांपासून ती माझ्या मागे लागली होती. "नाना सगळ्यांना सांगायलेत. तिथं त्या काकांनी चार प्रश्न विचारले की झालं. सोयरीक नवी हाय, पहिल्याच दिवशी म्हाताऱ्याचं हसं नको. तू सांग त्यांना, नीट समजावून. माझं ऐकत न्हाईत. इंग्लंडवाला तू हायस ना!"

आता मोकळेपणाने लिहायलाच बसलो आहे तर हेही लिहितो. नानांना मी तिकडे बोलावले नाही त्याची कारणे मी सर्वांना सांगितली होती: थंडी सोसणार नाही, व्हिसाचे झंझट, पुढच्या उन्हाळ्यात पाहू. त्यांतले एकही खरे नव्हते. मला भीती वाटे ती त्यांच्या इंग्रजीची. ते शुद्ध, जुने, पाठ्यपुस्तकातले इंग्रजी, प्रत्येक शब्द सुटा करून, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात ते त्या निःशब्द डब्यात बोलले असते. समोरच्या अनोळखी बाईंना नाव-गाव विचारले असते, आणि सगळा डबा वर्तमानपत्रांमागून आमच्याकडे पाहू लागला असता. ज्या माणसाने मला ती भाषा दिली त्याच्या तोंडून ती ऐकली जाईल याची मला लाज वाटत होती. एवढेच कारण होते.

अहमदपूरला चहासाठी थांबलो. अक्का मुद्दामच गाडीत बसून राहिली. टपरीच्या बाकावर नानांच्या हातात कप देऊन मी सुरुवात केली, "नाना, ते यॉर्कचं जे तुम्ही सांगता..."

"हो हो," ते लगेच म्हणाले. "त्या फलाटाला आणि डब्याला केवढी फट होती! मी घाबरलो होतो. तू हात धरून चढवलंस, आणि बसेपर्यंत सोडला नाहीस. बाकी काही विसरलो असेन, ते नाही विसरलो."

ही फट मी फोनवर कधी सांगितली नव्हती. हात तर नाहीच. माझ्या सांगण्यातल्या ट्रेनमध्ये त्यांनी एक मुलगा स्वतःच्या मनाने बसवला होता आणि तो माझ्यापेक्षा बराच चांगला होता. मी त्यांच्या शर्टावर सांडलेला चहा पुसला आणि आम्ही उठलो. गाडीत अक्काने भुवया उंचावल्या. मी चावी फिरवली.

लातूरच्या वेशीवर डाळ मिलचा कोरडा, किंचित गोडसर धुरळा हवेत होता. कार्यालयात नानांना मानाने पुढच्या खुर्चीवर बसवले. ओटी, अंगठ्या, टाळ्या असे सगळे यथासांग झाले, आणि फराळाच्या वेळी ते घडलेच. काका शेजारी येऊन बसले, इंग्लंडचा विषय निघाला आणि नाना आपल्या खणखणीत वर्गाच्या आवाजात वाकडा कळस सांगू लागले. आसपासची माणसे थांबून ऐकू लागली. काकांनी सगळे ऐकून घेतले, मग माझ्याकडे झुकून, मिशीत हसत, पण सर्वांना ऐकू जाईल असे विचारले, "काय हो, गुरुजी खरंच गेले होते, का आपलं टीव्हीवर बघून?"

कुणीतरी खुसखुसले. अक्का हातात पोह्यांचे ताट घेऊन तशीच उभी राहिली. नाना माझ्याकडे पाहत होते. फळ्यावर वाक्य लिहून उत्तराची वाट पाहणारा माणूस जसा पाहतो, तसे.

"गेलो होतो आम्ही," मी म्हणालो. "खिडकीशी नाना बसले होते."

"वा! म्हणजे आमच्यातलेच की तुम्ही," काका म्हणाले आणि आपल्या लेकीच्या घराच्या जिन्याविषयी सांगू लागले. ताटे पुढे सरकली.

परतीच्या वाटेवर चाकूर ओलांडले तेव्हा ऊन तिरपे झाले होते आणि हरभऱ्याच्या शेतांवर एक जांभळट शांतता उतरत होती. नाना झोपले आहेत असे मला वाटले होते. डोळे न उघडताच ते म्हणाले, "मगाशी तू आम्ही म्हणालास. त्यांना सोडून, मला धरून. बरोबर आहे."

ते वाक्य शिक्षकाचे होते की वडिलांचे, त्यांना काय आठवत होते आणि काय ठाऊक होते, हे मला अजून कळलेले नाही.

"अन् मी कुठं होते मग?" मागून अक्का फणकारली. "मला सोडूनच की दोघंबी! आयुष्यभर पथ्य म्या करायचं, अन् यॉर्कला जायचं ह्यांनी!"

"तुझ्या धपाट्यांचा डबा होता की," नाना म्हणाले. "मी उघडला ट्रेनमध्ये. समोरच्या बाईंनीही घेतलं एक. थँक्यू म्हणाल्या."

अक्का हसली, मोठ्याने हसली. प्रत्येक वेळी मी नांदेडहून निघताना ती धपाट्यांचा डबा देत असे. तो मी ट्रेनमध्ये कधीच उघडला नव्हता. लसणाचा वास सुटेल, लोक वळून पाहतील म्हणून.

नानांनी पुन्हा रुमाल काढला आणि समोरची काच पुसू लागले. काचेवर काही होते की नव्हते ते मी पाहिले नाही. हीटर पायाशी लावला आणि विचारले, "आता दिसतंय का नीट, नाना?"