भरल्या गाडीला हिरवा दिवा

चुनखडीच्या खाणीचा रस्ता गावाची पायवाट जिथे ओलांडतो, तिथे जंगू आत्राम नऊ वर्षं लाल बावटा घेऊन उभा असे. गावातलं कोणी आलं की तो बावटा दाखवी आणि ट्रकवाले, शिव्या देत का होईना, थांबत.

मग बॅटरीवर चालणारे बिनड्रायव्हरचे ट्रक आले. सिग्नल बसला. सुपरवायझर देवरावने बावटा काढून घेतला आणि माणसांना लाल दिवा असेपर्यंत पायवाटेवर आडवी धरायला जंगूच्या हाती दोरी दिली.

"भरली गाडी थांबवून पुन्हा उचलली का लई चार्जिंग खाते. म्हणून भरली गाडी दुरून दिसली का तिले हिरवा दिवा, अन् माणसाईले लाल. थांबतीन ते लोकं. दोरी सोडायची नाई."

वैशाखातल्या एका दुपारी वारलूला साप चावला. जंगू आणि तो लहानपणी एकत्र गुरं राखत. चौघांनी त्याला खाटेवर घालून आणलं. ऑटो पलीकडे डांबरी रस्त्यावर उभा होता. इकडे माणसांना लाल दिवा, आणि खाणीकडून भरलेले सहा ट्रक रेंगाळत येत होते.

"जंगूभाऊ, दोरी सोड," वारलूची बायको बुधरी म्हणाली.

"ड्रायव्हर नाई त्यात, बाई. तुमाले पाहीन कोण? चिरडून टाकन."

वारलूच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. जंगूने दोरी दोन्ही हातांनी धरून ठेवली. अकरा मिनिटं गेली. ऑटोत घालतानाच वारलूचा श्वास थांबला.

चौथ्या दिवशी बुधरी कामाला निघाली. दोरीपाशी उभी राहिली, दिवा बदलल्यावर गेली. जंगूकडे तिने पाहिलंही नाही.

त्याच दुपारी देवराव आला. "काऊन नाई सोडली बे दोरी? समोर माणूस दिसला का गाडी आपोआप थांबते. कॅमेरे हायेत तिले."

"मले कोणी सांगतलं नाई, साहेब."

"सांगतलं असतं तं तुम्ही लोकांनी रोज थांबवल्या असत्या."

तो गेल्यावर जंगू रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. भरलेला ट्रक वळणावरून आला, मंदावला आणि चार हातांवर थांबला. त्याच्या मागचाही थांबला. रिकाम्या केबिनखालचा पत्रा जंगू तळहातांनी बडवत राहिला. "थांबते ना बे! थांबते!" पलीकडे जायला त्या वेळी कोणीच नव्हतं.

संध्याकाळी त्याला कामावरून काढलं.

गाडी थांबते, हे जंगू गावात घरोघरी सांगत फिरला. बुधरीच्या दारात मात्र त्याला जाववलं नाही. तिला ते दुसऱ्यांकडून कळलं.