अननसाचा सूड

समस्त नाशिककर नातेवाईक आणि माझ्यासारखेच इंग्लंडात येऊन रुजलेले दोस्त हो, हातातली कामं बाजूला ठेवा. रीडिंगमधल्या आमच्या ऑफिसात, भर लंचला, एका जुन्या अपमानाची रीतसर परतफेड करण्यात आली आहे. शस्त्र होतं अननसाचा शिरा.

नाशिक सोडलं तेव्हा टॅक्सी दारात उभी होती, बाबा उगाचच बॅगेचं कुलूप ओढून बघत होते आणि आई माझ्या हातात शिऱ्याचा डबा कोंबत म्हणाली, "तिकडे कोणी हसलं तर आधी पोटभर वाढ. मग बघून घे." मी रडण्यात गुंतले होते, पण ऐकलं.

पहिल्याच उन्हाळ्यात ऑफिसात प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा होता. मी शिरा नेला. यात काय आहे, असं आमचा मॅनेजर डेरेक याने विचारलं आणि माझ्या तोंडून सरळ "अननस" निघालं. "पाइनॲपल, लव्ह. यू आर इन इंग्लंड नाउ." तो हसला, मग सगळं टेबल हसलं. दुसऱ्या दिवसापासून मी सुनंदा उरले नाही. "मॉर्निंग, अनानस." मीटिंगमध्ये, लिफ्टमध्ये, क्लाएंटसमोरसुद्धा. मी डबा नेणं बंद केलं आणि डेस्कवर गार सँडविच चावू लागले. रविवारी फोनकार्ड खरवडून आईला मात्र सांगायचे, इथे सगळे माझ्या हातचं मागून खातात.

मग नव्या प्रोजेक्टवर तिघं आले: फिनलंडचा टिमो, स्पेनमधल्या गॅलिशियाची उशिया आणि पोर्तुगालचा रुई. एकदा कॅन्टीनमध्ये टिमोने फळांच्या वाटीकडे बोट दाखवून "आनानास" म्हटलं आणि माझ्या डोक्यात दिवाळी झाली.

ऑफिसातल्या पुढच्या तशाच जेवणाला पातेलंभर शिरा केला. डेरेकला मी स्वतः वाढला, आपल्या लग्नाच्या पंगतीत वाढतात तसा, आग्रह करकरून. त्याचं तोंड पुरतं भरल्यावर भोळा चेहरा करून विचारलं, "टिमो, या फळाला तुमच्याकडे काय म्हणतात?"

"आनानास."

"आणि तुमच्याकडे, उशिया?"

"पिन्याही म्हणतो. पण आमच्या गॅलिशियन भाषेत आनानास."

रुईने तर चमचा खाली ठेवून व्याख्यानच दिलं. शब्द मुळात ब्राझीलच्या तुपी लोकांचा. पोर्तुगीज खलाशांनी तिथून फळ उचललं, नावही उचललं आणि दोन्ही आपल्या कोकणच्या किनाऱ्यापर्यंत पोचवली. इंग्रजांना मात्र त्यात पाइनच्या झाडाचं बोंड दिसलं.

टेबल पुन्हा हसलं, पण या वेळी सगळे बघत होते डेरेककडे. त्याचे कान लाल झाले. तो रंग मी डोळे भरून पाहून घेतला, लाजायचं काय त्यात.

आता नाशिकला आले की मी तिकडच्या घरपट्टीबद्दल, त्या कौन्सिल टॅक्सबद्दल कुरकुरते आणि रीडिंगमध्ये तुमच्या द्राक्षांची आठवण काढते. घर कुठलं म्हणाल, तर जिथे माझं नाव घेऊन माझ्यापुढे ताट धरतात, ते. म्हणून सांगते, त्या दुपारी डेरेकने रिकामी प्लेट पुढे केली आणि सगळ्यांदेखत त्याच्या तोंडून निघून गेलं:

"सुनंदा, इज देअर एनी मोअर अनानस?"