सारवलेली चूल

मी एक अख्खी वाडी कागदावरून पुसून टाकली होती.

ती परत लिहायला लावणाऱ्या मंदाताई काल गेल्या.

सकाळी रोह्याजवळच्या अष्टमी गावाहून त्यांच्या मुलाचा फोन आला. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला. पुढचं मला काही ऐकूच आलं नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मंदाताई माहीत नाहीत. म्हणून सांगते.

विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागात आमचं संशोधन केंद्र आहे. सरकारी योजना गरिबापर्यंत पोचतात की मधेच कुठे अडकतात, ते शोधणं हे आमचं काम. मी तिथे नवीन लागले होते. एमएला पहिली आलेली, त्यामुळे पाय जमिनीवर नव्हते.

पहिलाच प्रोजेक्ट रोह्याच्या डोंगराकडच्या अंगणवाड्यांचा. जिथे मुलं कमी, ती अंगणवाडी बंद करून खालच्या गावाला जोडायची का, हे आमच्या रिपोर्टवरून ठरणार होतं.

फील्ड ऑफिस म्हणजे पेणला गणपतीच्या कारखान्यावरची एक खोली. फॉर्म, डबा, चहाचे कप, सगळ्यावर पांढरी पूड.

मंदाताई आमच्या फील्ड इन्व्हेस्टिगेटर. घरची भाताची आणि वालाची शेती, शिक्षण दहावी, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. तरी मला "मॅडम" म्हणायच्या.

दिवाळीनंतर आम्ही एका कातकरी वाडीवर गेलो. निम्म्याहून जास्त घरांची दारं दोरीने बांधलेली. आमचा नियम असा, की तीन फेऱ्यांत कुणी भेटलं नाही तर फॉर्मवर कोड तीन टाकायचा. म्हणजे 'घर सोडून गेले'.

तिसऱ्या फेरीला मंदाताईंनी एका घराच्या कुडाच्या फटीतून आत बघितलं.

"चूल सारवलीय बघा, मॅडम. घर सोडून जाणारी बाई चूल सारवून जात नाय."

माणसं वीटभट्टीवर गेली होती, पोराबाळांसकट. शिमग्याला येणार होती. दरवर्षी येतात.

मी म्हटलं, फॉर्मवर चुलीचा रकाना नाही.

मंदाताई प्रत्येक फॉर्मच्या कडेला पेनने लिहीत गेल्या, 'भट्टीवर. शिमग्याला येणार.'

डेडलाइन डोक्यावर आली होती. मी पेणच्या खोलीत बसून ते सगळे फॉर्म नव्याने भरले. सुवाच्य अक्षरात, कोड तीन.

आणि खाली इन्व्हेस्टिगेटरच्या जागी मंदाताईंचं नाव घातलं.

हे मी आजपर्यंत इथे कधी लिहिलं नव्हतं.

रिपोर्टचा मसुदा होऊन सरकारी खात्याकडे गेला. मुलं कमी, अंगणवाडी जोडावी. केंद्रात माझं कौतुकही झालं. पण मसुदा फील्डच्या लोकांनाही पाठवायचा, ही आमच्या डायरेक्टर मॅडमची पद्धत. एक कॉपी, मागे जोडलेल्या फॉर्मसकट, पोस्टाने अष्टमीला मंदाताईंकडे गेली.

आठवड्याने मंदाताईंचा फोन आला. मी शिव्या खायची तयारी केली होती. त्या म्हणाल्या, शिमग्याला जेवायला या.

गेले. वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी वाढली. रिपोर्टचा र सुद्धा काढला नाही. मी भाकरी नुसती कुस्करत होते, तर म्हणाल्या, नीट जेवा, पुढे चढ आहे.

मग वाडीवर घेऊन गेल्या.

सगळी दारं उघडी होती. अंगणवाडीच्या ओट्यावर पोरंच पोरं. बायका मंदाताईंना विचारायला लागल्या, बंद करणार हे खरं काय? खालच्या गावात जायचं तर मधे ओढा. पावसात त्यातून मोठी माणसं जात नाहीत, तिथे तीन-चार वर्षांचं पोर कसं जाणार?

मंदाताईंनी मला बाजूला नेऊन पिशवीतून कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा काढून माझ्या हातात दिला.

"माझ्या नावानं खोटं लिवलंस गो," त्या म्हणाल्या. "आता तुझ्या नावानं खरं लिव."

मी संध्याकाळपर्यंत त्या ओट्यावर बसून लिहीत होते. त्या शेजारी बसून कुठलं पोर कुणाचं ते सांगत होत्या, आणि मधेच माझ्या अक्षराला नावं ठेवत होत्या.

दोन दिवसांनी डायरेक्टर मॅडमसमोर सगळं कबूल केलं. नोकरी गेली असं धरूनच गेले होते. त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, रिपोर्ट मागे घेतोय असं पत्र तू लिही, कारणासकट.

लिहिलं. अंगणवाडी राहिली.

मंदाताईंनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. फक्त त्या दिवसापासून माझं "मॅडम" बंद झालं ते कायमचं.

एकदा ट्रेनिंगला केंद्रात आल्या होत्या. एसी हॉलमध्ये पदर गच्च लपेटून बसल्या. मला हळूच म्हणाल्या, "एवढ्या थंडीत गरिबांचा इचार सुचतो व्हय गो?" तेव्हापासून आमच्या मीटिंगला एसी बंद असतो.

काल जाताना वडखळला गाड्या तुंबल्या होत्या. स्टिअरिंगवर डोकं टेकून रडून घेतलं.

पोचले, तर वाडीतली माणसं माझ्या आधी आलेली. भट्टीचा सीझन चालू असताना, टेम्पो करून. त्यांच्यातली जनीबाय माझा हात धरून म्हणाली, "आमी हाओत, हे लिवणारी गेली बाय."

आमच्या फॉर्मवर आता कोड चार आहे, 'कामासाठी बाहेर, परत येणार'. त्याखाली एक प्रश्न आहे, चूल सारवलेली आहे का? दरवर्षी नवीन मुलं तो वाचून हसतात. मग मी त्यांना मंदाताईंचं शहाणपण सांगते. माझं खोटं मात्र आजवर गाळत आले.

यापुढे तेही सांगेन.

मंदाताई, मला जे थोडंफार येतं ते तुम्ही शिकवलंत. तेही माझी चारचौघांत लाज न काढता.

शिमग्याला वाडीवर येतेय. माझ्या नावानं भरायला, कोरे फॉर्म घेऊन.

तुम्हाला मनापासून नमस्कार, ताई.