माळ्यावरची आरोळी

आज दिवसभर परभणीला आईजवळ होते. आत्ताच घरी आले. थकलेय, तरी तुम्हाला सांगावंसं वाटतंय.

मुंबईहून मामा आला होता. आयुष्यभर त्याने स्टेजवर लोकांना हसवलं, कार्टूनमधल्या अस्वलांना, मांजरांना आवाज दिले. आता पंच्याऐंशीचा आहे, आवाज बसलाय. आईला हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. आपल्याला तरी ती ओळखेल, एवढ्याच आशेने तो आला होता.

"सुमे, मी दादा."

"आमचा दादा एवढा म्हातारा न्हाई. तुमी कोण?"

त्याने अस्वल काढलं, मांजर काढलं. शेजारची पोरं दारात येऊन खिदळली.

"बास करा पाव्हणं," आई म्हणाली, "लय कलकल करायलाव."

मामा खुर्चीत मागे टेकला. "लय थकलो गं," मला म्हणाला.

हैदराबादचं राज्य नुकतंच गेलं होतं, तेव्हा माझ्या आजोळी, झरीला, ज्वारीच्या शेतात, उंच माळ्यावर बसून तो राखण करायचा. दिवसभर आरोळ्या देऊन पाखरांना हाकलायचा, कंटाळला की वेगवेगळ्या आवाजांत त्यांच्याशी भांडायचा. धंदा तिथूनच सुरू झाला. मला ते आठवलं.

"मामा, ती आरोळी देऊन बघ ना."

"हाऽऽ हुर्रर्र!" घोगरी आली, मध्येच तुटली.

आईने पदर सावरला. "दादा, उतर खाली. भाकर आणली हाय. घसा बसंल ना ओरडून."

"उतरलो, सुमे," म्हणत मामा खुर्चीवरून उठला आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसला.

तुमच्या घरातलं माणूस अजून कुठल्या हाकेला ओ देतं?