वॉरिक हॅलमची हिरवी खूण

वॉरिक हॅलम आमचा शेजारी. मेलबर्नच्या उत्तरेला, प्रेस्टनमध्ये, गेली एकोणीस वर्षं त्याच्या आणि आमच्या घरामध्ये एक लाकडी कुंपण उभं आहे, आणि त्या कुंपणाचे दोन्ही घरांवर फार उपकार आहेत. माणूस वाईट नाही असं म्हणायची पद्धत असते, म्हणून मीही म्हणते. कुणाचं मांजर हरवलं तर तो गल्लीभर पत्रकं लावतो. फक्त त्या पत्रकावर मांजराच्या फोटोपेक्षा त्याचं स्वतःचं नाव मोठं असतं.

उन्हाळ्यात पुढचं गवत वाळलं की तो पाणी घालत नाही. बाटलीतला हिरवा रंग आणून फवारतो. "लांबून कुणाला कळतंय?" असं कुंपणावरून मलाच विचारतो. मी हातभर अंतरावर उभी असते.

वॉरिक मूळचा बॅलराटचा. वडिलांचं खिळे-रंगाचं दुकान होतं, ते त्याला चालवायचं नव्हतं. आधी झेरॉक्सची मशीनं दुरुस्त करायचा, मग फरशीच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आठ माणसांची कंपनी होती, तिथे लागला. तिथे कुणी काम सोडून गेलं की त्याची खुर्ची वॉरिकला मिळायची. असं करत करत तो चाचणी विभागाचा प्रमुख झाला. विभाग म्हणजे तो आणि डेस्पिना.

डेस्पिना कालिवास चार वर्षं आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिली, म्हणून मला हे सगळं माहीत. त्यांची कंपनी बिघडलेल्या डिस्क सावरणारे प्रोग्रॅम बनवते. डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे, किती आहेत, याची एक यादी असते. वीज गेली, धक्का बसला की यादी विस्कटते. हा प्रोग्रॅम ती परत जुळवतो. तो नीट जुळवतोय ना हे बघायला चारशे बारा चाचण्या आहेत, आणि त्या रोज आपोआप होतात. मुद्दाम बिघडवलेली डिस्क प्रोग्रॅमपुढे टाकायची, तो काय लिहितो ते जपून ठेवलेल्या बरोबर उत्तराशी अक्षर न् अक्षर ताडायचं. जुळलं की हिरवी खूण, नाही जुळलं की लाल.

आणि हे दोन तऱ्हेच्या मशीनवर करावं लागतं. आकडा साठवताना जुनं मशीन मोठा भाग आधी ठेवतं, नवं मशीन लहान भाग आधी. डेस्पिना हे सांगताना चाचरत होती. मी म्हटलं, अगं, आम्ही पंचवीस म्हणताना पाच आधी म्हणतो आणि वीस मागून, तुम्ही वीस आधी म्हणता, आकडा तोच. ती म्हणाली, "हेच वॉरिकला सांगून बघ ना एकदा. मी सहा वर्षं सांगतेय."

तर वॉरिकच्या हाताखाली चाचण्या कशा हिरव्या झाल्या ते ऐका. जुन्या मशीनवर लाल खुणा यायला लागल्या. लाल आली की दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे प्रोग्रॅम कुठे चुकतोय ते शोधायचं. त्याला आठवडा लागतो, डोकं लागतं. दुसरी म्हणजे प्रोग्रॅमने जे उत्तर दिलं तेच बरोबर म्हणून जपून ठेवायचं. त्याला एक कळ लागते. मुलाने गणित चुकवल्यावर पुस्तकाच्या मागचं उत्तर खोडून मुलाचं लिहिणारा मास्तर तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय, तो माझ्या शेजारी राहतो.

त्या फेब्रुवारीत सलग शंभर दिवस एकही लाल खूण आली नाही, म्हणून वॉरिकने रविवारी दुपारी मागच्या अंगणात बार्बेक्यू ठेवला. सोमवारी प्रोग्रॅमची नवी आवृत्ती निघायची होती. तिची सगळ्यात जास्त वाट तस्मानियातल्या होबार्टची रोवेना टिलर बघत होती. ही बाई समुद्रात मायक्रोफोन सोडून देवमाशांचे आवाज टिपते. तिचं सगळं काम जुन्या तऱ्हेच्या मशीनवर. जानेवारीत वीज गेली आणि तिची डिस्क उघडेना. सहा वर्षांचे आवाज त्यात होते आणि दुसरीकडे कुठेही नव्हते. दुरुस्तीआधी प्रत काढू का, असं तिने कंपनीला विचारलं होतं. तेवढी मोठी डिस्क मागवायची तर तीन आठवडे लागणार होते. वॉरिकने उत्तर पाठवलं, गरज नाही, आमच्या सगळ्या चाचण्या हिरव्या आहेत.

मी कोशिंबीर घेऊन गेले तेव्हा वॉरिक ॲप्रन बांधून, चिमटा हातात धरून शेगडीपाशी उभा होता. तो चिमटा तो कुणाला देत नाही. कंपनीची मालकीण ग्लेनिस सावलीत बसली होती. डेस्पिना पालक भरलेल्या पॅटिसचं ताट घेऊन आली, ते टेबलावर ठेवलं आणि शेजारी लॅपटॉप उघडला.

"वॉरिक, तीनशे सातवी चाचणी बघ."

"हिरवी आहे."

"हिरवी आहे म्हणूनच बघ."

"डेस, रविवार आहे. सॉसेज खा."

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "तू वाच. या फोल्डरमध्ये किती फाइली आहेत म्हणतोय?"

मी आकडा दोनदा मोजला. "एक कोटी सदुसष्ट लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळा."

"आणि आहे किती माहितीये? एक. चाचणीची डिस्क मीच बनवली, एकच फाइल घातली होती."

"मग बाकीच्या कुठून आल्या?"

"एकचा आकडा उलट्या बाजूने वाचला की एवढा होतो. आता प्रोग्रॅम त्या कोटीभर फाइली शोधतो, त्या सापडत नाहीत, म्हणून ठरवतो की फोल्डरच खोटा. मग पुसून टाकतो आणि खाली लिहितो, दुरुस्ती पूर्ण."

ग्लेनिसने ग्लास खाली ठेवला. "वॉरिक?"

"जुनं मशीन आहे गं ते, त्याची तऱ्हाच वेगळी," वॉरिक म्हणाला. "म्हणून तर मी त्याच्यासाठी उत्तरांचा वेगळा संच ठेवलाय."

"ती उत्तरं तपासली कुणी?" डेस्पिनाने विचारलं.

"तपासायची काय? मशीननेच दिलीत."

त्यांच्या कामात कुठला बदल कुणी केला याची नोंद कायमची राहते. डेस्पिनाने ती वाचून दाखवली. त्रेपन्न उत्तरं बदललेली, त्रेपन्न ठिकाणी वॉरिक हॅलम, आणि प्रत्येकापुढे एकच शेरा: उत्तर सुधारलं. ऐकताना वॉरिकचा चेहरा असा होता की जणू कुणी त्याचा सत्कार करतंय.

"हे बघ ग्लेनिस," तो म्हणाला, "डेसला सगळीकडे किडेच दिसतात. गुणी पोरगी आहे, पण स्वभाव तसा. शंभर दिवस. उद्या मागे घेतलं तर लोक हसतील."

"तुझी खात्री आहे?"

"शंभर टक्के."

मालकीण अडकली. सोमवारचा शब्द तिने सगळ्या गिऱ्हाइकांना दिला होता. आणि तिला स्वतःला ते आकडे वाचता येत नव्हते, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. ती पॅटिसचा तुकडा मोडत बसली.

डेस्पिनाने लॅपटॉप उचलला आणि शेगडीच्या कडेला, वॉरिकच्या कोपराशी नेऊन ठेवला. "तुझ्या क्रिकेट क्लबच्या डिस्कचं काय झालं?"

वॉरिक क्लबचा चिटणीस. तेवीस वर्षांचे फोटो आणि धावफलक त्याने फुकटात कंपनीच्या जुन्या मशीनवर ठेवले होते.

"तिचं काय व्हायचंय? ठीक आहे."

"छान. मी इथून त्याच मशीनला जोडलेय. तुझ्या डिस्कवर दुरुस्ती चालवायची आज्ञा लिहून ठेवलीये. एंटर दाब."

"आत्ता?"

"शंभर टक्के म्हणालास ना."

वॉरिकने स्क्रीनकडे पाहिलं. सॉसेज उलटले. ते आत्ताच उलटलेले होते. "आधी प्रत काढायला लागेल."

"कशाला? हिरवी आहे."

"नियमच आहे तसा. शहाण्या माणसाने प्रत काढावी."

"रोवेनाला तू लिहिलंस, गरज नाही."

"तिची गोष्ट वेगळी. क्लबचे फोटो परत मिळायचे नाहीत, डेस. त्यातली कितीतरी माणसं आता हयात नाहीत."

मला त्या क्षणी त्याची दया यायला हवी होती, पण आली नाही. दुसऱ्याची सहा वर्षं त्याने एका ओळीत उडवून दिली होती, आणि स्वतःच्या तेवीस वर्षांसाठी बोट चार इंच पुढे सरकत नव्हतं. ते बोट ग्लेनिसलाही दिसत होतं, आणि ते वाचायला आकडे यावे लागत नाहीत.

"उद्याचं थांबव," ती म्हणाली. "डेस्पिना, रोवेनाला कळव."

"सावकाश कळवू की," वॉरिक म्हणाला, आणि मग जरा हळू, "म्हणजे, तिच्याकडे प्रोग्रॅम पोचलाय. मी शुक्रवारीच पाठवला. म्हटलं, बिचारी वाट बघतेय."

डेस्पिना लॅपटॉप तिथेच टाकून फोन घेऊन कपड्यांच्या तारेखाली गेली. घंटा वाजत राहिली. मग तिचा आवाज आला, "रोवेना, तो प्रोग्रॅम चालवलास का?" ऐकताना तिने तारेवरचा टॉवेल ओढून धरला. शेवटी ती म्हणाली, "अजून नाही ना? आधी चर्चला गेलीस ते फार बरं केलंस. आता मशीनचा प्लग काढ. हो, भिंतीतूनच काढ. माझ्याशी बोलता बोलता काढ."

परत आली तेव्हा तिने सॉसेजकडे पाहिलंही नाही. स्वतःच्याच पॅटिसचे दोन तुकडे उभ्यानेच खाल्ले.

चूक काढायला डेस्पिनाला अकरा दिवस लागले. त्रेपन्न खोटी उत्तरं फेकल्यावर भिंतीवरचा तक्ता लालभडक झाला, मग एकेक खूण खरोखरची हिरवी होत गेली. रोवेनाने मोठी डिस्क मागवली, प्रत काढली, मगच दुरुस्ती केली. सहाच्या सहा वर्षांचे आवाज सुखरूप निघाले. चाचण्या आता डेस्पिनाकडे आहेत. वॉरिकला ग्लेनिसने गिऱ्हाइकांशी बोलायच्या कामाला लावलं, आणि त्याला ती बढती वाटते. गिऱ्हाइकांना गेलेलं पत्रही त्यानेच लिहिलं: आमच्या काटेकोर चाचण्यांमुळे एक गंभीर दोष वेळीच सापडला. खाली सही त्याचीच.

एप्रिलमध्ये डेस्पिना माझ्या स्वयंपाकघरात आली आणि रोवेनाने पाठवलेली एक फाइल लावली. खूप खोलवरून, कुणी दार हळूहळू ढकलावं तसा आवाज, मग थांबून थोडा वेगळा. देवमाशाची आई आणि पिल्लू, असं रोवेनाने लिहिलं होतं. आम्ही दोघी ऐकत होतो, तेवढ्यात कुंपणापलीकडून वॉरिक फोनवर कुणाला तरी सांगायला लागला, "अहो, त्या तस्मानियाच्या बाईंचं सगळं काम आम्हीच वाचवलं. मी सुरुवातीपासून सांगत होतो, जुन्या मशीनकडे नीट लक्ष द्या म्हणून."

मी उठून खिडकी लावली आणि डेस्पिनाला म्हटलं, पहिल्यापासून लाव.